दप्तर नसलेल्यांचे दप्तर

महाराष्ट्राच्या इतिहासलेखनाची इमारत कागदाच्या पायावर उभी आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेले रुमाल सोडवून, मराठ्यांच्या इतिहासाची साधने २२ खंडांत प्रसिद्ध केली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. आणि पुढे गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागद ४५ भागांत छापून काढले. या थोर परिश्रमांचे ऋण मराठी माणसाने कधीही विसरू नये. परंतु ज्याच्या घरी कागद होता त्याचीच हकीकत या साधनांतून प्रामुख्याने बोलते, हेही तितकेच खरे आहे. सनद ज्याला मिळाली, इनामपत्र ज्याच्या नावे झाले, महजरावर ज्याची निशाणी उमटली, त्याचा वंश, त्याचे तंटे, त्याची वतने आपल्याला तपशिलाने ठाऊक आहेत. आणि त्या वतनांची जमीन ज्यांनी कसली, त्या वाड्यांचे दगड ज्यांनी वाहिले, त्यांची नोंद आलीच तर वेठीच्या यादीत, दंडाच्या आकड्यात किंवा सावकाराच्या खतात येते. त्यांतल्या स्त्रियांची तर तिथेही येत नाही.

तरीसुद्धा या स्त्रियांनी आपली बखर रचली होती. पहाटेच्या अंधारात जात्याच्या पाळीशी बसून ज्वारी, बाजरी, नाचणी दळताना त्यांनी ज्या ओव्या रचल्या आणि आईकडून लेकीकडे, जावेकडून जावेकडे पोहोचवल्या, त्यांत सीतेचा वनवास आहे, पंढरीची वाट आहे, भावाची माया आणि भावजयीचा रुसवा आहे, सासुरवास आहे, दुष्काळ आहे, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरही आहेत. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बाईच्या दंडांवरचा भार उतरला, आणि त्याबद्दल कुणी हळहळण्याचे कारण नाही. मात्र ज्या कष्टाच्या लयीवर ही गाणी उभी होती ती लयच घरातून निघून गेल्यावर गाणी केवळ म्हाताऱ्या बायकांच्या स्मरणात आणि लग्नघरच्या हळदीच्या जात्यापुरती उरली. साने गुरुजींनी, सरोजिनीबाई बाबरांनी आणि इतर अनेकांनी हे धन ओळखून संग्रह केले. त्यांचे उपकार मोठे आहेत. तथापि छापील संग्रहात ओवी येते. ती गाणारी बाई कोण, कोणत्या गावची, कोणत्या जातीची, तिला मुले किती आणि शेत किती, हे बहुधा येत नाही, आणि तिचा आवाज तर येऊच शकत नाही.

हा अभाव भरून काढण्याचा जो प्रयत्न पुण्यातून झाला त्याची हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण वंचित समाजांच्या न्यायासाठी चालणाऱ्या अशा विद्याकार्याला पैसा कसा लागतो, कुठून मिळतो आणि कुठे अडतो, हे सर्व या एका उदाहरणात दिसते. समाजशास्त्राच्या अभ्यासक हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन इथेच स्थायिक झालेले व भारताचे नागरिकत्व घेतलेले गी पॉइटवाँ हे दोघे पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, मुळशी आणि आसपासच्या तालुक्यांत, ‘गरीब डोंगरी संघटने’च्या कामात होते. ओव्या गोळा करणे हा त्यांचा मूळ हेतू नव्हता. बाया बोलत्या व्हाव्यात, स्वतःच्या जगण्याचा अर्थ त्यांनी स्वतः लावावा, हा होता. बैठकींत बोलायला बिचकणाऱ्या बाया ओवीत मात्र मोकळेपणी बोलतात, हे लक्षात आल्यावर संग्रहाचे काम सुरू झाले, आणि सुमारे वीस वर्षांत एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून काढल्या गेल्या. हे काम पगारी पंडितांनी शहरातून येऊन केलेले नाही. संघटनेतल्या खेड्यातल्या बायांनी ते गावोगाव जाऊन केले, आणि माझ्या मते या साऱ्या उद्योगाचे खरे मोल तिथेच आहे.

पुढे बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक या दोन्ही विद्या जाणणारे फ्रेंच संशोधक येऊन मिळाले. त्यांनी या ओव्यांचा संगणकीय कोश बांधला आणि शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रणाची त्याला जोड दिली. प्रत्येक ओवीला तिचा विषय, तिचे गाव, तालुका, जिल्हा आणि गाणारीचे नाव जोडले गेले. वरवर पाहता ही कारकुनी नोंद वाटेल. परंतु ज्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नाही, शाळेच्या पटावर नव्हते आणि लग्नानंतर सासरी बदलले गेले, तिच्या रचनेपुढे तिचे नाव कायमचे लिहिले जाणे ही सामान्य गोष्ट नव्हे. समतेची भाषा आपण सभांतून पुष्कळ बोलतो. त्या भाषेचे प्रत्यक्ष रूप कधी कधी तक्त्यातल्या एका रकान्याएवढे असते.

या प्रकारच्या कामाला आज जगभर ‘डिजिटल ह्युमॅनिटीज’ म्हणतात. आपण त्याला डिजिटल मानव्यविद्या म्हणू. भाषा, इतिहास, साहित्य, संगीत, लोकाचार यांच्या अभ्यासाला संगणकाची शक्ती जोडणे, हा त्याचा सरळ अर्थ. जुन्या पोथीचे छायाचित्र काढून ते पडद्यावर दाखवणे ही केवळ पहिली पायरी झाली. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीतल्या बाया बाबासाहेबांविषयी काय गात होत्या, आणि त्याच वर्षांत मुळशीच्या डोंगरातल्या बाया सीतेविषयी काय गात होत्या, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येणे, एकच कल्पना किती तालुक्यांत कोणत्या फरकाने फिरली हे काही क्षणांत शोधता येणे, आणि शब्द वाचता वाचता तो आवाज ऐकता येणे, ही त्याच्या पुढची पायरी. एका अभ्यासकाला जे साधायला जन्म पुरला नसता ते अशा कोशामुळे महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीलाही साधते.

आता पैशाकडे वळू. १९९३ ते १९९८ या काळात या प्रकल्पाला युनेस्को, नेदरलँड्स सरकारचे विकास-सहकार्य मंत्रालय आणि स्वित्झर्लंडमधील चार्ल्स लिओपोल्ड मायर फाउंडेशन यांचे अर्थसाहाय्य मिळाले. तीन नावे, आणि तिन्ही परदेशांतली. दूरच्या लोकांनी मुळशीच्या बाईच्या ओवीसाठी पैसा दिला याबद्दल कृतज्ञताच वाटते. परंतु जिथे ही भाषा बोलली जाते त्या प्रदेशातल्या एखाद्या मोठ्या विद्यापीठाचे, सहकारी संस्थेचे किंवा उद्योगसमूहाचे नाव त्या यादीत नसावे, ही गोष्ट मनाला लागते.

मदतीची मुदत संपली, पण काम कुठे संपले होते? ध्वनिमुद्रणे जतनासाठी हरियाणातील गुरगाव येथे, लोकसंगीताच्या अभ्यासासाठी असलेल्या अभिलेखागारात ठेवली गेली आणि पुढे फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हान्स येथील मुक्त संग्रहात गेली. विशेष असे की डिजिटल मानव्यविद्येतल्या नंतरच्या मुक्त संग्रहांना याच ओव्यांच्या कोशाने नमुना पुरवला. म्हणजे मावळातल्या आणि मराठवाड्यातल्या बायांच्या गाण्यांवर युरोपातली एक विद्याशाखा आपले हत्यार घासून तयार करत होती, आणि त्या बायांच्या नातवंडांना या संग्रहाचा पत्ताही नव्हता. पॉइटवाँ २००४ साली वारले, हेमाताई २०१० साली गेल्या. पी. साईनाथ यांनी उभारलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या उपक्रमाने, म्हणजे सर्वपरिचित ‘पारी’ने, २०१७च्या मार्चमध्ये ओव्या मराठी मजकूर, ध्वनी आणि इंग्रजी भाषांतरासह लोकांपुढे आणायला सुरुवात केली. ‘पारी’ वाचकांच्या देणग्यांवर आणि पुष्कळशा स्वयंसेवी श्रमावर चालते. परदेशी साहाय्याची मुदत संपल्यापासून हे प्रकाशन सुरू होईपर्यंत जवळजवळ एकोणीस वर्षे गेली, आणि एवढ्या काळात किती गाणाऱ्या बाया या जगातून निघून गेल्या असतील याचा विचार वाचकाने स्वतःच करावा.

ही दिरंगाई कुणा एकाच्या हलगर्जीपणाने झाली नाही. देणगी देण्याची जी रीत जगात रूढ आहे तिचाच तो परिणाम आहे. देणगीदाराला आरंभ आवडतो: नवा संच घेतला, नवी खोली बांधली, उद्घाटन झाले, छायाचित्र छापून आले. अभिलेखागाराचा खर्च मात्र आरंभानंतर सुरू होतो. एका तासाच्या ध्वनिमुद्रणातले शब्द अचूक लिहून काढायला अनेक तास लागतात, आणि ते काम त्या बोलीचे कान असलेल्या माणसालाच जमते. परभणीकडचा शब्द पुण्याच्या माणसाने ऐकला तर तो नकळत ‘शुद्ध’ करून लिहितो आणि बाईच्या तोंडचा शब्द कायमचा नाहीसा होतो. ज्या डिजिटल ध्वनिफितींवर त्या काळी मुद्रणे होत, त्या फिती वाजवणारी यंत्रे सोनी कंपनीने २००५ साली विकणे बंद केले. फीत शाबूत असली तरी यंत्र नसेल तर आवाज मुका होतो. युनिकोडपूर्वीच्या काळात मराठी मजकूर ज्या निरनिराळ्या टंकांत साठवला गेला, तो आजच्या संगणकावर उघडला तर अर्थहीन चिन्हांची रांग दिसते आणि सारा मजकूर नव्याने उतरवावा लागतो. याखेरीज साठवणीचे भाडे, दर काही वर्षांनी करावयाचे स्थलांतर, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायच्या प्रती, आणि या सर्वांवर डोळा ठेवणारा एक तरी कायम माणूस. विहीर खणायला वर्गणी देणारे गावात भेटतात, गाळ काढायला दरवर्षी कुणी भेटत नाही. ज्या अनुदानपत्रात पगाराची आणि देखभालीची तरतूद नसते, ते अनुदान त्या संग्रहाला पुढच्या विस्मृतीकडेच ढकलते, असे मी विचारपूर्वक म्हणतो.

अमेरिकेत या प्रश्नाचा विचार आपल्याहून पुष्कळ पुढे गेला आहे, आणि तिथे लागलेली ठेचही आपल्याला शिकवून जाणारी आहे. १९६५ साली स्थापन झालेल्या तिथल्या राष्ट्रीय मानव्यविद्या निधीने २००८ साली डिजिटल मानव्यविद्येचे स्वतंत्र खाते काढले. मेलन फाउंडेशन या धनाढ्य खासगी संस्थेने २०२० साली आपली सारी देणगी सामाजिक न्यायाच्या निकषावर तोलण्याचे जाहीर केले. तिच्याच पैशाने ‘अमेरिकन कौन्सिल ऑफ लर्नेड सोसायटीज’ या १९१९ सालापासूनच्या विद्वत्मंडळाने २०२१ साली ‘डिजिटल जस्टिस’ अनुदाने सुरू केली. त्यांची रचना शहाणपणाची आहे: कल्पना अद्याप बाल्यावस्थेत असेल तर १० ते २५ हजार डॉलरची बीजरक्कम, आणि काम पायावर उभे असेल तर ५० हजार ते एक लाख डॉलर. ज्या छोट्या गटापाशी मोठा अर्ज भरण्याचे कसब नसते, त्यालाही या लहान रकमेमुळे दार उघडते; आणि मोठ्या विद्यापीठाने एखाद्या समाजाच्या नावाने पैसा घेऊन स्वतःच्याच इमारतीत खर्च करावा, या जुन्या अन्यायाला थोडा तरी आळा बसतो. परंतु एप्रिल २०२५मध्ये तिथल्या संघ सरकारने राष्ट्रीय निधीची मंजूर झालेली एक हजाराहून अधिक अनुदाने एकाएकी रद्द केली. अर्ध्यावर आलेली कामे थांबली, माणसे घरी बसली. मेलनने राज्यांच्या मानव्यविद्या परिषदांना दीड कोटी डॉलरची तातडीची मदत दिली. पण गेलेल्या रकमेपुढे ती अपुरीच होती. वंचितांचे स्मरण एकाच खजिन्याच्या भरवशावर ठेवू नये, एवढा धडा त्यातून घेतला पाहिजे.

पैशाहून कठीण असा आणखी एक प्रश्न आहे, तो अधिकाराचा. ऑस्ट्रेलियातील टेनंट क्रीक येथे वारुमुंगू या आदिवासी समाजाबरोबर काम करताना किम्बर्ली क्रिस्टन या अमेरिकन अभ्यासिकेला असे दिसले की त्या लोकांच्या रीतीप्रमाणे काही छायाचित्रे केवळ स्त्रियांनी पाहायची असतात, काही विशिष्ट कुळांनीच पाहायची असतात आणि मृत व्यक्तीचे चित्र सरसकट दाखवायचे नसते. संगणकावर ‘सर्वांना सर्व काही खुले’ हे तत्त्व तिथे न्यायाचे ठरत नव्हते. म्हणून २००७च्या सुमारास ‘मुकुर्तू’ ही प्रणाली उभी राहिली. तीत कोणती वस्तू कुणी पाहावी हे त्या समाजाची माणसे ठरवतात. आज ती मोफत मिळते आणि इतर अनेक देशांतले आदिवासी समाज ती वापरतात. २०१९ साली जगभरच्या मूलनिवासी अभ्यासकांनी एकत्र येऊन सामूहिक हित, नियंत्रणाचा अधिकार, उत्तरदायित्व आणि नीती ही चार तत्त्वे जाहीर केली, त्यांतही आशय हाच आहे.

आपल्या ओव्यांना हा प्रश्न लागू होत नाही असे कुणी समजू नये. सासूच्या जाचाची, नवऱ्याच्या मारहाणीची ओवी बाईने नावानिशी गायली, आणि ती ओवी आज तिच्याच सासरच्या गावात हातातल्या फोनवर ऐकू येते. नाव लिहिणे हा तिचा सन्मान आहे आणि तिच्या मानेवरची तलवारही आहे. १९९६ साली ध्वनिमुद्रकापुढे बसलेल्या बाईला उद्याचे जग हे ऐकेल याची कल्पना असणे शक्यच नव्हते. ‘पारी’ची माणसे पुन्हा त्या गावांत गेली, हयात असलेल्या गायिकांना भेटली, जुने आवाज त्यांना ऐकवले, नव्याने त्यांची चित्रफीत घेतली, काही जणी तोवर वारल्या होत्या, त्यांच्या लेकीसुनांना त्यांनी गाठले. अशा परतभेटीचा खर्च कुठल्या रकान्यात दाखवावा हे अनुदानाच्या नमुन्यात सहसा लिहिलेले नसते. माझ्या दृष्टीने तो पहिल्या रकान्यात असायला हवा.

आपल्या देशातील तरतुदींकडे पाहिले तर आशा आणि काळजी दोन्ही वाटतात. २००३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनचे काम पुढे नेण्यासाठी केंद्र सरकारने २०२५-२६च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ची घोषणा केली, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण आणि जतन हे उद्दिष्ट ठेवले, आणि पूर्वीची साडेतीन कोटींची तरतूद ६० कोटी रुपयांवर नेली. हे स्तुत्यच आहे; पोथ्या वाचल्याच पाहिजेत. पण ज्यांना अक्षर शिकण्याचीच बंदी होती त्यांच्या घरी हस्तलिखित कुठून सापडणार? त्यांची पोथी कंठात होती. त्या कंठासाठी तेवढ्याच तोलाची तरतूद झाल्याखेरीज हा हिशेब पुरा होत नाही. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना लगतच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के लोकहितावर खर्च करणे बंधनकारक केले आहे, आणि त्याच्या सातव्या परिशिष्टात राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांचे रक्षण स्पष्टपणे नमूद आहे. ओव्यांचा कोश, पोवाड्यांचा संग्रह, भटक्या जमातींच्या बोलींचे ध्वनिमुद्रण ही सर्व कामे त्या कलमात बसतात. अडचण कायद्याची नाही, इच्छेची आहे. परदेशी देणगीचा मार्ग मात्र अरुंद झाला आहे. परदेशी देणग्यांच्या नियमनाच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीने अशा देणगीतून कारभारावर करावयाच्या खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणली, आणि एका संस्थेला मिळालेला पैसा दुसरीला देण्यावर बंदी घातली. मोठ्या संस्थेने परदेशातून निधी घ्यावा आणि तालुक्याच्या ठिकाणच्या लहान मंडळाला त्यातला वाटा द्यावा, ही वाट त्यामुळे बंद झाली. आणि बोलीचे कान असलेली माणसे तर तालुक्याच्या ठिकाणीच असतात.

म्हणून आता ही जबाबदारी मराठी समाजानेच उचलायला हवी. आपल्या विद्यापीठांच्या मराठी विभागांनी अशा संग्रहासाठी निदान एक कायम जागा मंजूर करून घ्यावी आणि ती त्या त्या समाजातल्या शिकलेल्या मुलामुलींतून भरावी. साखर कारखाने, नागरी सहकारी बँका, जिल्हा वाचनालये यांनी आपापल्या तालुक्यातल्या बायांचे, शाहिरांचे, वाघ्या-मुरळींचे आवाज जपण्याचे काम वाटून घ्यावे. उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून मराठी माणसांना एकत्र आणत आहे. त्याच्या अधिवेशनांना जमणाऱ्यांपैकी कित्येकांच्या आज्या-पणज्यांनी दळण दळताना ओव्या गायलेल्या आहेत. या सर्वांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती दहा वर्षे न चुकता द्यावी. कोणत्या ओव्या खुल्या करायच्या आणि कोणत्या राखून ठेवायच्या, याचा निर्णय गाणाऱ्या बायांच्या आणि त्यांच्या लेकींच्या हाती द्यावा. आणि यंत्र विकत घेण्याआधी त्या रकमेतून एका माणसाच्या पगाराची सोय करावी.